‘परदेशात शिक्षण फुकट’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याकडेही कुणीतरी पाठवला असेल. त्यात म्हटलंय: युरोपातल्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही फी नसते. इंग्लंडमध्ये फी वर्षाला फक्त ९,२५० पौंड आहे. पहिल्या वर्षाची फी जुळवली की पुढची पार्टटाइम कामातून निघते. एकदा ठरलेली फी कोर्स संपेपर्यंत बदलत नाही. शिवाय कोट्यवधी डॉलरच्या स्कॉलरशिप दरवर्षी कुणी मागत नाही म्हणून पडून राहतात. सगळ्यात खाली एक फोन नंबर आणि ‘अर्जासाठी मोफत मार्गदर्शन’.

माझी भाची मास्टर्ससाठी अर्ज करतेय. तिला हा मेसेज तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी पाठवला, अगदी चांगल्या हेतूने. तिने तो घरी वाचून दाखवला आणि पैशाचा प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरून टाकलं. त्या नंबरवर फोनही झाला. आता मला गप्प बसवत नाही.

मेसेजचा क्रम मी पाळणार नाही. पार्टटाइम कामाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण कुटुंबं कर्जात जातात ती याच वाक्यावर विसंबून.

ब्रिटनचं घ्या. पदवी किंवा त्यावरच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी स्टुडंट व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. एप्रिल २०२५ पासून तिथे २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. म्हणजे आठवड्याचे २४४ पौंड. आता असं धरू की वर्षाचे बावन्नच्या बावन्न आठवडे काम मिळालं, परीक्षेत सुट्टी घेतली नाही, आजारी पडलं नाही, मालकाने एकदाही तास कमी केले नाहीत. तरी महिन्याची सरासरी येते साधारण १,०५८ पौंड.

याच्या शेजारी ब्रिटनच्या गृहखात्याचा आकडा ठेवा. व्हिसा मागताना ट्यूशन फीखेरीज राहण्याखाण्यासाठी किती पैसे दाखवायचे हे तेच खातं ठरवतं. २०२५ च्या जानेवारीत लागू झालेला आकडा होता लंडनबाहेर महिन्याला १,१३६ पौंड आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड. हा काही ऐषआरामाचा हिशेब नव्हे, निभावण्यासाठी किमान लागणारी रक्कम आहे. त्या सरकारच्याच मते जगायला जेवढं लागतं तेवढंसुद्धा वर्षभर न चुकता राबून हातात येत नाही. मग फी कशातून भरायची? या मेसेजमधल्या बाकी सगळ्या चुका कुणाला पटल्या नाहीत तरी चालेल, हे दोन आकडे तेवढे शेजारी शेजारी लिहून ठेवा.

सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं, असं यावर कुणी म्हणेल. पदवीच्या विद्यार्थ्यांना येतं. पण ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्सचा उन्हाळा प्रबंध लिहिण्यात जातो आणि तो काळ साधारणपणे सुट्टी म्हणून धरला जात नाही. शिवाय व्हिसासाठी दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. ‘तिथे गेल्यावर कमवीन’ हे उत्तर तिथे चालतच नाही.

इतर देशांत चित्र वेगळं नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्रात २० तास आणि तेही कॅम्पसमध्येच काम मिळू शकतं, आणि पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम करायला परवानगीच नाही. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून मर्यादा आठवड्याला २४ तास केली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. या मर्यादा ओलांडून काम केलं तर तो व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो. आणि दुसऱ्या वर्षाची फी थकली की नेमका हाच रस्ता खुणावतो: रोखीवर, नियमाबाहेर, रात्रपाळीचं काम. मूल अभ्यासात मागे पडतं, पकडलं गेलं तर व्हिसा जातो, आणि पहिल्या वर्षी भरलेले पैसेही पदवीविना वाया जातात. ‘पुढची फी कामातून निघते’ असं बिनदिक्कत लिहिणाऱ्याने हे सगळं कुणाच्या तरी मुलाच्या माथी मारलंय, म्हणून मला त्याचा राग येतो.

पार्टटाइम कामातून मोबाइलचं बिल, किराणा, थोडंफार भाडं निघतं. तेवढा उपयोग आहे आणि तेवढाच धरावा.

आता ‘युरोपात फुकट’. यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करावंच लागेल. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही परदेशी विद्यार्थ्यांना बॅचलरसाठी आणि बऱ्याचशा मास्टर्ससाठी ट्यूशन फी नाही. मधल्या काळात तिथल्या काही राज्यांनी फी लावली होती, ती एकेकाने काढून टाकली, आणि लोअर सॅक्सनीने २०१४ मध्ये ती शेवटी काढली. हा मेसेज बहुधा त्याच सुमाराच्या बातम्यांवर उभा आहे. पण गोष्ट तिथे थांबली नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली. हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, स्टुटगार्ट, कार्ल्सरूह ही सगळी नावाजलेली विद्यापीठं त्याच राज्यातली.

म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं तर मेसेजमध्ये नाव घेऊन ‘जगातलं नामांकित विद्यापीठ, फी शून्य’ असं लिहिलंय. या विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. बॅचलरसाठी अभ्यासक्रमानुसार सेमिस्टरला २,००० किंवा ३,००० युरो, मास्टर्ससाठी ४,००० किंवा ६,००० युरो. मास्टर्स चार सेमिस्टरचं, म्हणजे १६,००० ते २४,००० युरो. काहींना सवलत मिळते, पण ती मिळेलच असं गृहीत धरून घरचा हिशेब मांडता येत नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंसुद्धा पाहावंसं वाटलं नाही.

जिथे ट्यूशन फी नाही तिथेही सेमिस्टरचं अंशदान, म्हणजे विद्यार्थी सेवांसाठीची वर्गणी, असतं, साधारण १०० ते ४०० युरोंच्या दरम्यान, आणि त्याखेरीज ब्लॉक्ड अकाउंट. या खात्यात व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि दरमहा ठरलेली रक्कम काढायची. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. ही फी नव्हे, पैसे तुमचेच राहतात. पण निघण्याआधी ते हातात असावे लागतात, आणि ‘फुकट’ ऐकून निश्चिंत झालेल्या घराला याचीच कल्पना नसते. माझ्या बहिणीच्या घरात तरी कुणालाच नव्हती.

उत्तरेकडचे देश एकेक करून ‘फुकट’च्या यादीतून गेले. युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्र यांच्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये फी लावली. नॉर्वेचं ‘सगळ्यांना मोफत’ खरोखर बराच काळ टिकलं, म्हणून ते नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. पण मेसेज आजच्या तारखेला फिरतोय.

फ्रान्सने २०१९ मध्ये दर वेगळे केले. त्या वर्षी सरकारी विद्यापीठात युरोपीय विद्यार्थ्याला बॅचलरच्या पातळीवर वर्षाला १७० युरो, तर बाहेरच्याला २,७७० युरो. मास्टर्सला २४३ विरुद्ध ३,७७०. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि जुलै २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हे वेगळे दर वैध ठरवले. अनेक विद्यापीठं आजही आपल्या अधिकारात परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण किंवा अंशतः सूट देतात, त्यामुळे विद्यापीठागणिक उत्तर बदलतं. ऑस्ट्रियात सरकारी विद्यापीठाची फी युरोपबाहेरच्यांना साधारणपणे सेमिस्टरला ७२६.७२ युरो. चेक प्रजासत्ताकात सरकारी विद्यापीठात चेक भाषेत शिकलात तर नागरिकत्व कोणतंही असो, फी नाही. इंग्रजीत शिकायचं तर आहे. झुरिकच्या ईटीएच या सरकारी तंत्रविद्यापीठाने २०२५ च्या शरद सत्रापासून शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमध्ये येणाऱ्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांची फी सेमिस्टरला ७३० वरून २,१९० फ्रँक केली. हे दर अमेरिकेच्या तुलनेत कमीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ते शून्य नाहीत, आणि देशागणिक, भाषेगणिक, प्रवेशाच्या वर्षागणिक वेगळे आहेत. ‘युरोप’ या एका शब्दाखाली हे सगळं कोंबता येत नाही.

इंग्लंडच्या ९,२५० पौंडांचं काय? हा आकडा खरा होता, पण तुमच्यासाठी नव्हता. इंग्लंडमधल्या स्थानिक पदवी विद्यार्थ्यांकडून विद्यापीठाने जास्तीत जास्त किती फी घ्यावी याची ती सरकारी मर्यादा. २०२५-२६ मध्ये ती ९,५३५ झाली. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादाच नाही, विद्यापीठ हवी तेवढी लावू शकतं. वर व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आणि आगाऊ.

मेसेजमध्ये खरी गफलत आहे ती हीच, स्थानिकांचा दर उचलून परदेशी मुलांना सांगायचा. यातली दरी किती असते ते कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी विभागाने मांडलंय: २०२४-२५ मध्ये कॅनेडियन पदवी विद्यार्थ्याची सरासरी ट्यूशन फी ७,३६० कॅनेडियन डॉलर, परदेशी विद्यार्थ्याची ४०,११४. पाच पटींहून जास्त. अमेरिकेतही सरकारी विद्यापीठाचा स्वस्त दर हा त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी असतो. कॉलेज बोर्ड या तिथल्या शैक्षणिक संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या सरकारी संस्थांत राज्यातल्यांना सरासरी ११,६१० डॉलर आणि राज्याबाहेरच्यांना ३०,७८०. खासगी विनानफा संस्थांत ४३,३५०. परदेशी विद्यार्थी सहसा राज्याबाहेरच्यांच्या दरात येतो. हे सगळे आकडे एका वर्षाचे आहेत आणि त्यात राहणं-जेवण नाही.

फी बदलत नाही हा मुद्दा चटकन आटोपते. अमेरिकेत दरवर्षी नवा दर जाहीर होतो, ब्रिटनमध्येही पुढच्या वर्षांच्या वाढीची तरतूद अनेक विद्यापीठं अटींमध्ये लिहून ठेवतात. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळचा दर खरोखर कायम राहतो. तुमच्या प्रवेशपत्रात काय लिहिलंय ते वाचा, दुसरा उपाय नाही.

स्कॉलरशिप ‘पडून राहतात’ हे तर धादांत चुकीचं आहे. मोठ्या शिष्यवृत्त्यांना जागांच्या कित्येक पट अर्ज येतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी काही मोजकी ठिकाणं बॅचलरच्या प्रवेशात परदेशी मुलाचीही आर्थिक स्थिती न पाहता निवड करतात आणि नंतर गरजेइतकी मदत देतात, पण तिथे प्रवेश मिळणंच अतिशय कठीण. अमेरिकेतल्या चांगल्या पीएचडीत मात्र बहुधा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. नोकरीसारखं कामही करावं लागतं, पण घरून पैसे न नेता जाता येतं. मास्टर्सला हे क्वचितच होतं, आणि पीएचडीचे किस्से मास्टर्सला निघालेल्या मुलांना सांगितले जातात. ‘स्कॉलरशिपची हमी’ देऊन आधी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा फेडरल ट्रेड कमिशन हा अमेरिकेचा ग्राहकसंरक्षण पाहणारा सरकारी आयोग वर्षानुवर्षं देत आलाय.

राहिला तो फोन नंबर. भाचीच्या घरच्यांनी जर्मनीबद्दल विचारलं, तेव्हा पलीकडच्या माणसाने सुचवलेलं विद्यापीठ खासगी निघालं, वर्षाला हजारो युरो फी घेणारं. मेसेज सरकारी विद्यापीठाचा, शिफारस खासगीची. याचं कारण लपलेलं नाही. या धंद्यात मध्यस्थाला कमिशन सहसा विद्यापीठाकडून मिळतं आणि ते बहुधा पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्केवारीत असतं. जिथे फीच नाही तिथे टक्केवारी कसली? सगळे सल्लागार असे नसतात, पण ‘मोफत मार्गदर्शन’ देणाऱ्याला पैसे कोण देतं हे त्याला तोंडावर विचारा.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात अर्ज थेट विद्यापीठाकडे करता येतो, किंवा विद्यापीठाने सांगितलं असेल तर यूनी-असिस्ट या सामायिक सेवेमार्फत. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाचे ३० युरो लागतात. ते विद्यार्थी स्वतः ऑनलाइन भरतो, मध्ये कुणी लागत नाही.