भाकरी सोडू नका, कोरड्यास वाढवा

एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.७ ते ६.४ च्या मध्ये आलं, किंवा उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मध्ये आली, म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या अलीकडची पायरी निघाली, की आपल्या सांगलीत दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "बॉर्डरवर आहे, काही होत नाही, साखरेऐवजी गूळ खा." दुसरा, "भात-भाकरी आजपासून बंद." माझं ६.१ आलं तेव्हा दोन्ही ऐकले. दोन्ही मला पटत नाहीत.

आधी गुळाचं. इथल्या बाजारात गुळाचे सौदे निघतात, उसावर कितीतरी घरं चालतात, त्यामुळे गुळाला नावं ठेवणं जिवावर येतं. पण गूळही उसाच्याच रसाचा आणि त्यात बहुतेक साखरच. तासगावच्या बेदाण्याचंही तसंच. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १८ ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याच बेदाण्यात ८० च्या जवळपास. पाणी उडालं, साखर राहिली. पौष्टिक म्हणून येता-जाता मूठभर तोंडात टाकायचा तो पदार्थ नाही, निदान आपल्यासारख्यांसाठी तरी नाही.

आता भाकरी. "ज्वारी शुगरला चांगली" हे अर्धंच खरं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तितकीच. चपाती सोडून भाकरी धरली आणि तीनच्या तीन खाल्ल्या, तर फार काही साधत नाही. पण भाकरी पुरतीच तोडायची हेही मला मान्य नाही. जन्मभर भाकरी खाल्लेला माणूस ती दोन-तीन महिने सोडतो, वजन उतरतं, सगळे कौतुक करतात. मग लग्नसराई येते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. प्रीडायबेटिस ही दोन महिन्यांची गोष्ट नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं जे जमेल तेच पथ्य.

अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम या अभ्यासाचे निकाल २००२ साली आले. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच एका गटाचं लक्ष्य होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. कर्बोदकं शून्यावर आणायला तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. भारतीय जेवणातली ६० टक्क्यांहून जास्त ऊर्जा कर्बोदकांतूनच येते आणि प्रथिनं फार कमी पडतात. म्हणून कर्बोदकं थोडी उतरवून त्या जागी डाळी, कडधान्यं, दही, अंडी आणणं मला शहाणपणाचं वाटतं.

त्यासाठी बाहेरून पावडरी मागवायची गरज नाही. मटकी, हुलगा, हरभरा, पावटा, मसूर सगळं इथलंच. आमच्याकडे पूर्वी भाकरी भरपूर आणि कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरची भाजी-उसळ, तोंडी लावण्यापुरतं असायचं, ते आता उलटं केलंय. वाटीभर घट्ट उसळ, परतलेली मेथी किंवा कृष्णाकाठची वांगी, दह्यातली कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी आणि एक भाकरी. आधी भाजी-उसळ खायची, भाकरी मागून. या क्रमानं जेवल्यावर साखर कमी चढते, हे अभ्यासांतही दिसलंय. ढाब्यावर गेलो तर अख्खा मसूर पोटभर, पण ती परातीएवढी रोटी दोघांत एक. पोह्यांच्या जागी मुगाचं धिरडं. भडंग सोडलं नाही, कुरमुरे निम्मे करून शेंगदाणे दुप्पट टाकते. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं मात्र चुकवत नाही, त्याचा फरक मला घरच्या मशीनवर स्वच्छ दिसतो.

"मी बारीक आहे, मला कसली शुगर" म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम जरूर पाहावं. दिसायला सडपातळ, पण अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्या लोकांची ठेवण त्यांनी दाखवून दिली आहे. आणि ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, किडनीचा त्रास आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवणात मोठा बदल करू नये.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घरात रांधणाऱ्या बाईची. ती शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, पातेल्यात नुसता रस्सा, आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो तिच्याच ताटात. गरोदरपणात जिची साखर वाढली होती तिला पुढं मधुमेहाचा धोका मुळातच जास्त, आणि घरातलं सगळ्यात कर्बोदकांचं ताट तिचंच. नवऱ्याच्या रिपोर्टनंतर घरात डाएट सुरू होतं, तिची तपासणीही होत नाही. माझं एवढंच मागणं आहे. कडधान्य भिजत घालताना माणशी एक मूठ मोजा, त्यात रांधणारीची मूठ धरा, आणि तिची वाटी सगळ्यांच्या आधी काढून ठेवा. पुढच्या वेळी लॅबमध्ये जाल तेव्हा तिलाही सोबत न्या.