मजकुरासाठी वेगळी पॅलेट लाइन कशाला? : कर्वेनगरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेखाली ‘एक जुना वाचक, कर्वेनगर’ एवढीच सही आहे, म्हणून तुम्हाला कर्वेनगरकर म्हणतो. राग नसावा. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम कन्सोलवर मजकूर कसा रंगवावा यावर मी जे लिहिलं (मजकुराला एक वेगळी पॅलेट लाइन, म्हणजे सोळा रंगांची एक रांग, द्यावी असं), त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ज्यांनी ते वाचले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला, चारपैकी एक अख्खी पॅलेट लाइन मजकुराला देणं म्हणजे चौसष्टातले सोळा रंग पाण्यात घालणं. दुसरा, त्यापेक्षा प्रत्येक ओळ छापण्याआधी रंग बदलावा, ‘टर्बो सीमध्ये आपण सगळ्यांनी हेच केलंय’ (टर्बो सी म्हणजे पीसीवर सी भाषेत प्रोग्राम लिहायचं जुनं साधन). तिसरा, निळ्यावर लाल अक्षरं इम्युलेटरमध्ये (कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये) झकास दिसतात, मी उगाच पांढऱ्या-पिवळ्याचा हट्ट धरून बसलोय. शिवाय जाता जाता ‘मग फॅमिकॉमवर काय करणार?’ असा निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलबद्दलचा प्रश्न आणि पेठेतल्या माणसाला काटकसर शिकवावी लागते असा एक टोला. टोला पोचला.

आधी दुसरा आक्षेप घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

टर्बो सीची तुमची आठवण अगदी खरी. रंग ठरवणारं टेक्स्टकलर लिहायचं, मग छापणारं सीप्रिंटएफ, की ती ओळ लाल. आधी छापलेली हिरवी ओळ मात्र हिरवीच राहायची. ती तशी राहायची, कारण पीसीच्या टेक्स्ट मोडमध्ये पडद्यावर ८० बाय २५ घरं असतात आणि प्रत्येक घराला मेमरीत दोन बाइट मिळतात : एक अक्षराचा, दुसरा त्याच अक्षराच्या आणि त्यामागच्या रंगाचा. छापताना रंग अक्षरासोबतच लिहिला जातो.

मेगा ड्राइव्हच्या टाइलमॅपमध्येही (पडद्याच्या कोणत्या घरात कोणती टाइल, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा चित्राचा तुकडा, हे सांगणाऱ्या तक्त्यातही) एका घराला दोनच बाइट असतात, म्हणून फसायला होतं. पण वाटणी बघा. ११ बिट टाइलच्या क्रमांकाला, दोन बिट आडव्या-उभ्या उलटापालटीला, एक बिट प्राधान्याला, म्हणजे कोण पुढे दिसेल त्याला. उरले दोन, ते पॅलेट लाइनला. रंग यात कुठेच नाही. टाइलच्या आत प्रत्येक पिक्सेलला ४ बिट, म्हणजे ० ते १५ मधला एक कप्पा क्रमांक. त्यातही ० म्हणजे पारदर्शक. खरा रंग असतो सीरॅममध्ये, म्हणजे रंगांच्या मेमरीत : चार लाइन, प्रत्येकी १६ कप्पे, आणि लाल, हिरवा, निळा यांना तीन-तीन बिट, म्हणून एकूण ५१२ शक्य रंग. व्हीडीपी, म्हणजे चित्र काढणारी चिप, हे कप्पे पडदा रंगवताना दर वेळी नव्याने वाचतो. तुम्ही कधी, कोणत्या हेतूने अक्षर छापलंत याची त्याला काही पडलेली नाही.

आता तुमची पद्धत चालवून बघू. एसजीडीके या मेगा ड्राइव्हचे खेळ लिहायच्या साधनसंचातला तयार फाँट कप्पा १५ वापरतो. तो पांढरा करून ‘गुण’ छापलं, मग लाल करून ‘जीव’, मग पिवळा करून ‘वेळ’. पडद्यावर तिन्ही शब्द पिवळे. आणि हे सगळं एकाच फ्रेममध्ये झालं, तर मधला लाल तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, एसजीडीकेमध्ये मजकुराची पॅलेट बदलण्याचं फंक्शन आहे की! आहे, आणि ते वर सांगितलेले दोनच बिट बदलतं. त्यामुळे एका वेळी चार रंग मिळतात, छापलेली ओळ आपला रंग टिकवते, सगळं टर्बो सीसारखं वाटतं. सुरुवातीला तर जास्तच, कारण एसजीडीके त्या चार लाइनींमध्ये करडी, लाल, हिरवी आणि निळी पॅलेट भरूनच देतं. नव्या माणसाची समजूत होते की दुसरी लाइन म्हणजे लाल रंग. मग तो स्वतःचं पार्श्वचित्र आणि स्प्राइट, म्हणजे हलणारी चित्रं, चढवतो, आणि त्या लाइनींच्या कप्पा १५ मध्ये चित्रकाराने जे काही ठेवलं असेल, झाडाच्या बुंध्याचा तपकिरी म्हणा, त्या रंगात गुण दिसू लागतात. हे टाळायचं तर चारही लाइनींतला शेवटचा कप्पा मजकुरासाठी राखायचा आणि चित्रकाराला प्रत्येक चित्र १५ ऐवजी १४ रंगांत बसवायला सांगायचं. करून बघा. चित्रकार मित्र असेल तर आधी त्याला चहा पाजा.

एका परिस्थितीत तुमचं म्हणणं शब्दशः शक्य आहे, तेही सांगितलं पाहिजे. आडव्या इंटरप्टवर, म्हणजे पडद्याची ठरावीक रेघ संपली की, कप्पा १५ बदलता येतो. वरच्या पट्टीतले गुण पिवळे, खालचे संवाद पांढरे, कप्पा एकच. पण दोन रंग एकाच आडव्या ओळीत आणता येत नाहीत, आणि चित्र रंगत असताना सीरॅममध्ये लिहिलं की त्या जागी ठिपके उमटतात. मला ते चालत नाहीत. ज्यांना चालतात त्यांच्याशी भांडण नाही.

आता काटकसर. चौथी लाइन मजकुराची, याचा अर्थ सोळाच्या सोळा कप्पे मजकूर खातो असा नाही. मी खरे राखतो ते चार : १३, १४ आणि १५ अक्षरांसाठी, १२ काळ्या कडेसाठी. तयार फाँटमध्ये ९६ चिन्हं, प्रत्येक टाइल ३२ बाइटची, म्हणजे एक प्रत ३०७२ बाइटची. तिच्या आणखी दोन प्रती करायच्या, एकीत पिक्सेल १४ क्रमांकाचे, दुसरीत १३ क्रमांकाचे. वाढीव खर्च ६१४४ बाइट, व्हीरॅम, म्हणजे टाइल ठेवायची मेमरी, ६४ किलोबाइटचा. त्या बदल्यात एकाच लाइनमध्ये, एकाच ओळीत, एकाच शब्दातसुद्धा तीन रंग मिळतात. उरलेल्या कप्प्यांत हृदयाची चिन्हं, नाणी, स्फोट आरामात बसतात.

आणि लाइन वेगळी ठेवण्याचं मुख्य कारण कप्प्यांची मोजदाद हे नाहीच. खेळात पॅलेट सतत हलत असते. संध्याकाळ होते, खेळाडूला मार बसला की पडदा लखकन उजळतो, पाण्याचे रंग फिरवले जातात, प्रसंग संपला की चित्र काळोखात जातं. मजकूर चित्राच्याच लाइनमध्ये असेल तर या प्रत्येक वेळी तोही सोबत वाहून जातो. वेगळा असेल तर चारही लाइनींचे कप्पे सलग ० ते ६३ मोजायचे आणि फेडच्या, म्हणजे रंग हळूहळू बदलणाऱ्या, फंक्शनला ० ते ४७ एवढाच पल्ला द्यायचा. ४८ ते ६३ जागचे हलत नाहीत, आणि चित्र अंधारलं तरी शेवटचा संवाद वाचता येतो. तुम्ही सुचवलेल्या पद्धतीत हे प्रत्येक इफेक्टपुरतं वेगळं सांभाळावं लागेल. ही काटकसर रंगांची होईल, वेळेची नाही.

निळ्यावर लाल. इम्युलेटर प्रत्येक पिक्सेलचा रंग जसाच्या तसा दाखवतो, त्यामुळे तिथे काहीही झकास दिसतं. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला चौदा इंची पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे, आणि त्याला फक्त पिवळी व्हिडिओ पिन. त्या एका तारेतून उजेड आणि रंग एकत्र येतात, पण दोघांना सारखी जागा मिळत नाही. पॅल या टीव्ही-सिग्नलच्या पद्धतीत उजेडाला साधारण ५ मेगाहर्ट्झ, तर रंगाला जेमतेम १.३. मेगा ड्राइव्हच्या ३२० पिक्सेल रुंदीच्या मोडमध्ये पिक्सेल सुमारे ६.७ मेगाहर्ट्झने बाहेर पडतात. एक पिक्सेल रेघ, एक पिक्सेल मोकळा, असं धरलं तरी ३.३ च्या वर जातं. एका पिक्सेलच्या उभ्या रेघेचा रंग टीव्हीपर्यंत नीट पोचतच नाही, पोचतो तो तिचा उजेड. आणि उजेडाचा हिशोब असा : पांढरा १०० धरला तर शुद्ध लाल सुमारे ३०, शुद्ध निळा ११, पिवळा ८९. निळ्यावर लाल म्हणजे फरक १९. निळ्यावर पिवळा म्हणजे ७८. माझा ‘हट्ट’ तो एवढाच. लालच हवा असेल तर त्यात थोडा हिरवा-निळा मिसळून तो गुलाबीकडे न्या, रेघ दोन पिक्सेलची करा आणि भोवती काळी कड द्या. लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून नेणारी आरजीबी केबल आणि ती घेणारा टीव्ही असेल तर यातलं बरंच सोडून देता येईल, पण तुमचा खेळ दुसऱ्या कुणाच्या घरी कोणत्या तारेने लागेल ते तुमच्या हातात नसतं.

राहिला फॅमिकॉम. हे यंत्र १९८३ चं, आणि तिथे खरी चणचण आहे. टाइलमॅपमध्ये घराला एकच बाइट, तो टाइलच्या क्रमांकात संपतो. पॅलेटची निवड वेगळ्या ६४ बाइटच्या तक्त्यात, आणि तीही दोन बाय दोन टाइलच्या चौकोनाला मिळून एकच. म्हणजे ८ बाय ८ ची रोमन अक्षरं असतील तर शेजारची दोन आणि त्यांच्या खालची दोन एकाच पॅलेटला बांधलेली. पार्श्वभूमीला चार पॅलेट, प्रत्येकी तीन रंग आणि एक सामाईक. फाँटच्या प्रती काढायची वरची युक्ती इथे अडते : एका वेळी टाइल २५६, आणि ९६ चिन्हांच्या तीन प्रती म्हणजे २८८. नुसती मोठी रोमन अक्षरं आणि आकडे घेतले, तर ३६ च्या तीन प्रती १०८ मध्ये बसतात.

देवनागरीला मात्र हा चौकोन सोयीचा पडतो. शिरोरेषा, वरच्या मात्रा, खालचे उकार हे सगळं आठ पिक्सेल उंचीत कोंबता येत नाही. मी १६ बाय १६ चं अक्षर धरतो, म्हणजे चार टाइल, म्हणजे बरोबर एक चौकोन. अक्षर सम क्रमांकाच्या रकान्यात आणि सम ओळीत ठेवलं की प्रत्येक अक्षराला स्वतंत्र पॅलेट देता येते. अडचण संख्येची. २५६ भागिले ४ म्हणजे ६४ अक्षरं, तीही पार्श्वभूमीला एकही टाइल न ठेवता. म्हणून तिथे मी अख्खी वर्णमाला चढवत नाही. त्या प्रसंगातल्या संवादात जी अक्षरं येतात तेवढीच कार्ट्रिजवरच्या सीएचआर रॅममध्ये, म्हणजे टाइलच्या मेमरीत, भरतो. ती भरण्याचा कोड कामचलाऊ आहे, पण तुम्हाला हवा असेल तर खाली सांगा, देतो.