मावशीला आलेला क्वेकरांचा फॉरवर्ड

वर्ध्याहून मावशीचा काल रात्री फोन. क्वेकर या सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाबद्दल फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज तिने वाचून दाखवला: ‘क्वेकर पंथाचा संस्थापक जेम्स नेलर स्वतःला येशू म्हणवायचा, म्हणून संसदेने त्याला जरा समज दिली. या लोकांनी बायबल फेकून दिलं, बायकांना गप्प बसवलं. आता ओट्स विकतात.’ सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षण पद्धतीचं, काम केलेल्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या, हे तिला ठाऊक. “मार्जरीबाई असल्या पंथातल्या का गं?” म्हणाली. तेव्हापासून डोकं तापलंय.

संस्थापक म्हणतात ते जॉर्ज फॉक्सला. नेलर त्याच्या बरोबरीचा मोठा प्रचारक होता. ऑक्टोबर १६५६ मध्ये तो भर पावसात, चिखलातून घोड्यावर बसून ब्रिस्टलमध्ये शिरला आणि बरोबरच्या बायका ‘पवित्र, पवित्र’ गात होत्या, हे खरं. येशूच्या जेरुसलेममधल्या प्रवेशाची ती नक्कल होती, हेही मान्य. पण चौकशीत त्याने स्पष्ट सांगितलं की माणूस म्हणून मला देवाचा मान नको, तो मान माझ्या आतल्या ख्रिस्ताचा आहे.

आणि ‘जरा समज’? तेव्हाचा इंग्लंडचा खासदार थॉमस बर्टनची रोजनिशी उघडा. फाशी द्यायची का, यावर संसदेत मतदान झालं: ८२ बाजूने, ९६ विरोधात. मग ठरलं ते असं: लंडनच्या रस्त्यांतून चाबकाचे फटके (३१० पडले), तापलेल्या सळईने जिभेला भोक, कपाळावर डाग आणि त्यानंतर तुरुंग. बर्टन स्वतः बघायला गेला होता. नेलरने जीभ आपणहून बाहेर काढली, कपाळाला लोखंड लागलं तेव्हा मात्र थोडा आक्रसला, असं त्याने लिहिलंय. रॉबर्ट रिच नावाचा व्यापारी शेजारी उभा राहिला आणि त्याने ती कपाळावरची जखम चाटली. याला समज देणं म्हणतात?

बायबलबद्दल अर्धसत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. क्वेकर धर्मपंडित रॉबर्ट बार्कलेने १६७६ च्या लॅटिन ग्रंथात धर्मग्रंथाला पवित्र आत्म्यापेक्षा दुय्यम ठरवलं: तो झऱ्याची माहिती देतो, स्वतः झरा नव्हे. पण फेकून कुणी दिला? त्याच ग्रंथात पानोपानी बायबलचे दाखले आहेत.

बायकांना गप्प बसवलं म्हणे! स्त्रियांनी धर्मसभेत बोलणं योग्यच आहे, हे क्वेकर मार्गारेट फेलने १६६६ मध्ये छापलं, तेही तुरुंगात असताना.

ओट्सच्या कंपनीने फक्त नाव उचललं, पंथाशी तिचा संबंध नाही.

मावशी, ग्रुपवर हे तूच टाक. माझं तिथे कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील.