‘स्वयंसेवक हवेत’ एवढ्या फलकाने कोणी येत नाही

जिम्नॅस्टिक्सच्या क्लबांमध्ये एक तक्रार सतत कानावर येते, की पालक मुलांना दारात सोडून निघून जातात आणि मदतीला कोणीही पुढे येत नाही. आधी पालक आणि नंतर स्वयंसेवक म्हणून अशा एका क्लबमध्ये मी बरीच वर्षे वावरले आहे, आणि आता माझे ठाम मत झाले आहे की माणसे मदतीला तयार असतात. आपण त्यांच्याकडे नेमके काम मागत नाही आणि आलेल्यांची नीट काळजीही घेत नाही.

‘स्वयंसेवक हवेत’ असा फलक वाचणाऱ्याला काम कोणते, किती तासांचे आणि आपल्याला ते जमेल का, यांतले काहीच कळत नाही. त्यातून हा खेळ बाहेरच्या माणसाला धडकी भरवणारा आहे. सव्वा मीटर उंच आणि जेमतेम 10 सेंटीमीटर रुंद बीमवर, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायच्या आडव्या पट्टीवर, एखादी मुलगी मागे कोलांटी घेते, तेव्हा बाकावर बसलेल्या पालकाच्या मनात पहिला विचार हाच येतो की इथे आपला काय उपयोग.

आमच्याकडे एक आई कायम शेवटच्या बाकावर बसायच्या आणि कोणाशी फारशा बोलायच्या नाहीत. एका स्पर्धेपूर्वी मी त्यांच्याजवळ जाऊन विचारले, “रविवारी सकाळी दोन तास बीमपाशी वेळ नोंदवायला बसाल का? कसे करायचे ते मी आधी दाखवते.” बीमवरची रचना, म्हणजे सलग कसरतींचा संच, 90 सेकंदांत संपवावी लागते, मुलीचे पाय जमिनीवरून सुटले की घड्याळ सुरू करायचे, 80 सेकंदांना पहिली घंटा द्यायची आणि 90 ला दुसरी. मुलगी पडली तर पुन्हा चढायला 10 सेकंद मिळतात आणि त्यासाठी वेगळे घड्याळ लावावे लागते. सरावाच्या तीन संध्याकाळी त्यांनी हे सारे घोटून घेतले. स्पर्धेच्या दिवशी बटणावर ठेवलेल्या त्यांच्या अंगठ्याचे नख दाबाने पांढरे पडले होते, पण एक मुलगी तोल जाऊन खाली आली त्या क्षणी दुसरे घड्याळ अचूक सुरू झाले. पुढच्या स्पर्धेला त्यांनी आणखी दोघींना तयार करून आणले. त्यांना कोणी थेट विचारले होते आणि काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजावून दिले होते, यापलीकडे त्यात दुसरे काही नव्हते.

काय करायचे याइतकेच काय करायचे नाही हेही पहिल्याच दिवशी सांगायला हवे. मॅट लावणे, नोंदणी करणे, गुणांच्या चिठ्ठ्या पोहोचवणे, लहान मुलांची रांग सांभाळणे ही कामे कोणीही शिकू शकतो. उडी घेणाऱ्या मुलाला हात देणे हे मात्र प्रशिक्षित व्यक्तीचेच काम आहे. एका संध्याकाळी प्रशिक्षक कमी होते म्हणून मला बारखाली, म्हणजे लटकून कसरत करायच्या आडव्या दांड्याखाली, मुलींना आधार द्यायला उभे राहायला सांगितले गेले आणि मी भिडेपोटी उभी राहिले. पकड सुटलेली मुलगी माझ्या खांद्यावर आदळून मॅटवर पडली. तिला काही झाले नाही, पण तेव्हा नाही म्हणायला हवे होते हे मला आजही टोचते, आणि अशी वेळ कोणत्याही क्लबने कोणावर आणू नये असे मला मनापासून वाटते.

मुलांमध्ये काम करू देण्यापूर्वी स्वयंसेवकाच्या पार्श्वभूमीची तपासणी होते, तेव्हा काही पालक दुखावतात. त्यांना मी एवढेच सांगते की 2018 मध्ये अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या माजी डॉक्टरविरुद्ध दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल न्यायालयात बोलल्या, आणि त्या माणसावर वर्षानुवर्षे सर्वांचा विश्वास होता. त्यामुळे तपासणी सर्वांची व्हावी, कोणीही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद खोलीत नसावा, आणि हा नियम अध्यक्षांपासून नव्या मदतनिसापर्यंत सर्वांना सारखाच लागू असावा.

आता माणसे टिकण्याविषयी. बहुतेक क्लब तीन-चार जणांच्या खांद्यावर चालतात आणि तेच एक दिवस थकून निघून जातात. हिशेब सांभाळणाऱ्या व्यक्तीला ‘तुमच्याशिवाय कोण करणार’ असे म्हणत राहणे हा गौरव नव्हे, ती त्या व्यक्तीची कोंडी आहे. प्रत्येक जबाबदारीला मुदत हवी आणि मुदत संपण्यापूर्वी दुसरी व्यक्ती तिच्या शेजारी बसून काम शिकलेली हवी. पंच किंवा सहायक प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च क्लबने उचलावा. पंधरा-सोळाव्या वर्षी स्पर्धा सोडणाऱ्या मुलामुलींना तर आपण अक्षरशः हातचे घालवतो. भीती कुठे वाटते आणि मनगट कधी दुखते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्यांना लहानांच्या वर्गात प्रशिक्षकाच्या हाताखाली जरूर घ्यावे, फक्त फुकटचे प्रशिक्षक म्हणून राबवू नये.

येत्या हंगामासाठी मी आमच्या समितीपुढे एकच मागणी ठेवली आहे: प्रत्येक काम एका पानावर लिहावे, त्यात वेळ, मुदत, शिकवणाऱ्याचे नाव आणि न करायच्या गोष्टी असाव्यात, आणि ते पान फलकावर न लावता एकेका पालकाला भेटून हातात द्यावे. पहिली दहा पाने लिहून देण्याचे मी कबूल केले आहे.