बुमराचे तीन सामने, रिव्हेराची एक इनिंग

2025 च्या उन्हाळ्यात, वर्कलोड म्हणजे गोलंदाजीचा अंगावर पडणारा ताण सांभाळायचा म्हणून बुमरा इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार असं जाहीर झालं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जी जुंपली ती अजून पुरती शमलेली नाही. डोंबिवलीच्या मामांचा मुद्दा ठरलेला: कपिल देव 131 कसोट्या खेळला, दुखापतीपायी एकही चुकवली नाही, मग ह्यांनाच कसलं आलंय वर्कलोड? त्यात बुमरा नसताना एजबॅस्टन आणि ओव्हल आपण जिंकलो, पाचही सामने खेळलेल्या सिराजने 23 बळी घेतले. वर्कलोड हा शब्दच भारतीय क्रिकेटमधून हद्दपार व्हावा, अशा अर्थाचं गावसकर बोलले, तेव्हा तर मामांच्या हाती सुप्रीम कोर्टाचा निकालच पडला.

मी राहतो न्यू जर्सीत. ऑफिसात आजूबाजूला सगळे न्यूयॉर्क यांकीज ह्या बेसबॉल संघाचे चाहते. त्यांना हे भांडण सांगितलं तर नेमकं कशावरून आहे तेच कळत नाही. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, एकदा टाकून झाला की पुढचे चार दिवस तरी बसतो, आणि त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. आणि इथल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, एकही मत विरोधात न जाता निवडला गेलेला पहिला खेळाडू तर सामन्यात जेमतेम एक इनिंग, म्हणजे तीन गडी बाद होईपर्यंत, टाकणारा. मारियानो रिव्हेरा, 2019, 425 पैकी 425 मतं. बेब रूथला हे जमलं नव्हतं, विली मेजलाही नाही.

रिव्हेरा पनामाचा. पोर्तो काइमितो नावाच्या कोळ्यांच्या गावातला, बाप मासेमारीच्या बोटीवर. 1995 मध्ये यांकीजकडून सामने सुरू करायला उतरला, जमलं नाही, मग त्याला सामन्याच्या शेवटच्या भागासाठी मागे ठेवला. 1997 पासून तो क्लोजर. म्हणजे नऊपैकी आठ इनिंग झाल्या, आघाडी दोन-तीन धावांची आहे, तेव्हा येऊन शेवटचे तीन गडी बाद करणारा. अशी राखलेली आघाडी म्हणजे 'सेव्ह'. त्याच्या नावावर ते 652 आहेत. एकूण 1,115 सामने आणि जेमतेम 1,283 इनिंग. भागाकार तुम्हीच करा.

हत्यार एकच, कटर. सरळ येतोय असं वाटणारा चेंडू अगदी शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या मुठीकडे वळायचा आणि बॅटच्या दांड्यावर बसायचा. बॅट मोडायची. किती मोडल्या असतील? 2013 मध्ये त्याच्या निरोपाच्या वर्षी मिनेसोटा संघाने त्याला मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची करून भेट दिली. आमच्याकडे निरोपाला शाल-श्रीफळ देतात. ही कल्पना मला जास्त आवडली.

त्याच्यावरही वाद झालाच. वर्षाला सत्तर इनिंग टाकणाऱ्याला दोनशे टाकणाऱ्यांच्या पंगतीत का बसवायचं? मॅसॅच्युसेट्सच्या एका क्रीडा पत्रकाराने, क्लोजरच्या कामाला एवढी किंमत नाही म्हणून मी मत देणार नाही, असं लिहिलंसुद्धा. पुढे त्याचं मन बदललं. मला विचाराल तर त्याची शंका मामांच्या शंकेहून फार वेगळी नव्हती. दोघंही कामाचे तास मोजत होते.

16 ऑक्टोबर 2003 चा सामना पाहिला की हिशोब दुसरा लागतो. यांकीज विरुद्ध बोस्टन, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा, निर्णायक. आठव्या इनिंगमध्ये बोस्टन 5-2 ने पुढे आणि त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला. मॅनेजर, म्हणजे त्यांचा प्रशिक्षक, मैदानात आला, विचारून गेला, पेड्रोला ठेवलं. पाहता पाहता 5-5. मग यांकीजनी रिव्हेराला आणलं आणि एरवी एक टाकणाऱ्या माणसाने सलग तीन इनिंग टाकल्या, एकही धाव न देता. अकराव्यात यांकीजच्या ॲरन बूनने होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारून सामना जिंकला तेव्हा सगळे बूनकडे धावले आणि रिव्हेरा पिचरच्या उंचवट्यावर जाऊन कोसळला, रडत. सेव्हच्या खात्यात त्या रात्री काहीच जमा झालं नाही. बोस्टनच्या मॅनेजरची नोकरी मात्र गेली.

वर्षभर एकेक इनिंग राखली ती ह्या ऑक्टोबरसाठी, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या सामन्यांसाठी. तिथे त्याने 141 इनिंग टाकल्या आणि त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा 11. चंद्रावर ह्याहून जास्त माणसं चालून आली, असं इथे गमतीने सांगतात, आणि ते खरं आहे.

इथलं सगळं गोडवे गाण्यासारखं आहे असंही नाही. चेंडू मोजून मोजून टाकायला लावतात तरी पिचरांच्या कोपराच्या शस्त्रक्रिया वाढतच आहेत, कारण प्रत्येक चेंडू जीव खाऊन टाकायचा. रिव्हेराची ॲक्शन इतकी सैल की गल्लीत टाकतोय असं वाटावं. 43 व्या वर्षी, शेवटच्या हंगामातही त्याने 44 सामने राखले. गुडघा मोडला होता तोही 2012 मध्ये सरावात झेल घ्यायला धावताना.

म्हणून बुमराला राखण्यावर माझा आक्षेप नाही. ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीत पाठ गेली तेव्हा त्या मालिकेत दीडशे षटकं टाकून झाली होती. आणि राखल्याचं फळ आपण बार्बाडोसला खाल्लं आहे: 2024 च्या टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हवेत, सोळाव्या षटकात बुमराने दिल्या चार, अठराव्यात दोन आणि यान्सनचा त्रिफळा.

माझं भांडण आकडा आधीच ठरवण्याशी आहे. तीन म्हणजे तीन, असं दौऱ्याआधी जाहीर केलं आणि ओव्हलला मालिका 1-2 असताना हुकमाचा एक्का हातात नव्हता. त्याच्या पाठीची खरी अवस्था डॉक्टरांना ठाऊक, ते मान्य. पण दुसरी-तिसरी कसोटी पाहून शेवटची राखून ठेवता आली असती की नाही, एवढं तरी कोणी विचारायला हवं होतं. आपण सहा धावांनी जिंकलो, त्यामुळे विचारलं गेलं नाही. तेवढ्याच धावांनी हरलो असतो तर मामा आणि मी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, एका बाजूला असतो.