दोडका संध्याकाळी उमलतो

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री, गच्चीवर बाग केलीया म्हणं. मग दुखणं कमी आलं काय?"

"नाही," म्हटलं. त्यांचा चेहराच पडला. त्यांना 'होय' ऐकायचं होतं. तिथं पंगतीत सगळं सांगत बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथं लिहितोय. लिहितोय म्हणजे मोबाईलला बोलून दाखवतोय, थोरल्या मुलीनं चुका दुरुस्त केल्यात.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तावीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर काढली. टर्नर. जॉबवर, म्हणजे कातलेल्या तुकड्यावर बोट फिरवलं की कुठं टूल घसरलंय ते कळायचं, मापाचा व्हर्नियर नंतर लावायचो. 2016 च्या थंडीत सकाळी उठल्यावर मूठ वळेना. आधी वाटलं, गारठ्यानं असेल. एका दवाखान्यात सहा महिने 'कामाचा ताण' म्हणून दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. दुसरीकडं रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं: र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस. आपल्याकडं आमवात म्हणतात. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. बायकांना जास्त होतो, दुपटी-तिपटीनं, पण पुरुषांना सोडतो असं नाही. एकानं तोंडावर म्हटलं, "हा बायकांचा रोग तुला कसा झाला?" त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

लेथ सुटलं. घरी बसलो. घरी बसलेला माणूस काय करतो हे माझ्या बायकोला विचारा. पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, टीव्हीची बडबड, सगळ्यात मी चूक काढायचो. शेवटी तिनं एक प्लॅस्टिकची खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "वर बसा. तिथल्या नळाला काय बोलायचं ते बोला."

तर बागेतलं माझं पहिलं काम बागेचं नव्हतंच, त्या नळाचं होतं. फिरकीचा नळ मला पिरगळायला यायचा नाही. मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जायची. लिव्हरचा नळ आणून बसवून घेतला, तळहातानं ढकलला की पाणी सुरू. त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा 'हे मी केलं' असं वाटलं. गच्चीवर एक कढीपत्ता मरायला टेकलेला होता, त्याला पाणी घातलं. सुरुवात एवढीच.

मग खुरपं. बाजारातल्या खुरप्याची मूठ बारीक असते, आणि दुखऱ्या सांध्यांना बारीक वस्तू घट्ट धरण्यासारखी शिक्षा नाही. जाड मूठ धरायला जोर कमी लागतो, हे फिजिओथेरपीवाल्या ताईंनी चमच्याच्या बाबतीत सांगितलं होतं. मी फरशीवर खडूनं चित्र काढलं: चाळीस मिलिमीटर जाडी, मधे थोडा फुगवटा, शेवटाला कडा, म्हणजे हातातून निसटणार नाही. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आता स्वतःचं वर्कशॉप चालवतो. त्यानं सागवानाची मूठ लेथवर कातून दिली. मी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हटलं, "कड मारायची राहिलीया." म्हणजे कडेची धार घासून मोडायची. तो हसत परत घेऊन गेला. माझी बोटं वाकडी झालीत, पण कड राहिलेली त्यांना अजून कळते.

त्यानंतर सुटलोच. वाकता येत नाही म्हणून अँगलचं कंबरेएवढं टेबल, त्यावर रंगाच्या बादल्या. रोज झारी उचलायला नको म्हणून खाली पाण्याची बाटली आणि तिच्यातून बादलीतल्या मातीत गेलेली सुती नाडी. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढते. नायलॉनची नाडी लावून बघितली, ती ओढत नाही. सुती नाड्या कुठून आल्या ते बायकोला तिचे परकर बांधताना कळलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

माती जड होते म्हणून चिपाडं आणली. शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा करणारे श्री. अ. दाभोळकर आमच्या कोल्हापूरचेच, गणिताचे प्राध्यापक. थोड्या जागेत काडीकचऱ्यावर काय काय पिकतं याचा हिशेब त्यांनी लोकांपुढं मांडला होता, एवढं ऐकून होतो. अर्धवट ऐकण्याचा परिणाम असा की रसवंतीवरची ओली चिपाडं मी तशीच बादल्यांत भरली. ऊसच तो, गोड. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग गच्चीवरून जिन्यानं थेट स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यापर्यंत. आणि लावलेली वांगी पिवळी पडली, कारण चिपाड कुजताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, रोपाला उरत नाही. आधी दोन-तीन महिने शेणकाल्यात कुजवायचं, मग वापरायचं. आता करतो तसं.

पण खरी गंमत दोडक्याची.

माझी सकाळ म्हणजे वायाच. उठल्यावर दीड-दोन तास अंग लाकडासारखं असतं. बागेवर बोलणारे सगळे सांगतात, पहाटे उठा, कोवळ्या उन्हात झाडांशी बोला. अहो, मला पहाटे ब्रशवर पेस्ट घेता येत नाही, झाडांशी काय बोलू? वेलभाज्यांची फुलं सकाळी हातानं फळवायची असतात हे वाचून मी तो नाद सोडला होता. एकदा सहज दोन दोडक्याच्या बिया टोचल्या. वेल वाढला, कळ्या आल्या, पण सकाळी बघावं तर फुलं कोमेजलेली. मला वाटलं रोग पडला. एक दिवस संध्याकाळी सहाला वर गेलो तर अख्खा वेल पिवळाधमक!

दोडका संध्याकाळी उमलतो. घोसाळं पहाटे, दोडका दिवेलागणीला. दोघं सख्खे भाऊ, पण वेळ उलटी. आणि संध्याकाळी सहाला माझी बोटं दिवसातली सगळ्यात चांगली असतात.

मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागं बोटाएवढा दोडका आधीच तयार असतो, शिरांसकट. नराच्या मागं नुसता देठ. दुसऱ्या मजल्यावर किडे-पाखरं फारशी फिरकत नाहीत, म्हणून नरफूल तोडून मादीवर टेकवायचं. पण ती चिमूट मला जमत नाही. थोरलीचा रंगाचा जुना ब्रश घेतला, त्याच्या दांडीला सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली. नराच्या केसरावरून फिरवायचा, परागांची पिवळी भुकटी केसांना लागते, मग मादीच्या मधोमध हलकेच दोन वेळा. चार दिवसांनी मागचा दोडका फुगला तर जमलं, पिवळा पडून गळला तर नाही. गेल्या पावसाळ्यात एकतीस फळले, नऊ गळले. लेथवर नऊ जॉब बाद केले असते तर मालकानं हाकलला असता.

ब्रशचा प्रकार बघून थोरलीनं मला रेन्वाची गोष्ट सांगितली. फ्रान्सचा मोठा चित्रकार, जन्म 1841 चा. पन्नाशीत त्याला हाच आजार झाला. 1907 मध्ये त्यानं दक्षिण फ्रान्समध्ये ऑलिव्हच्या जुन्या झाडांची वाडी विकत घेतली आणि 1919 मध्ये जाईपर्यंत तिथं चित्रं काढत राहिला. लोक सांगतात, ब्रश हाताला बांधायचा. तसं नव्हतं. पट्ट्या असायच्या त्या बोटं तळव्यात रुतून कातडी सोलू नये म्हणून. ब्रश हातात दिला की तो धरायचा. मला आवडली ती पुढची गोष्ट. मोठ्या चित्रापर्यंत हात पोचेना म्हणून त्यानं कॅनव्हास हँडलनं फिरवून पुढं-मागं सरकवायची सोय केली होती. म्हणजे गडी अर्धा मिस्त्रीच की!

आता पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर. बागेनं माझा आमवात तसूभर कमी केलेला नाही. कमी ठेवलाय तो आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटनं. शनिवारची गोळी चुकवत नाही, लिव्हरची, म्हणजे यकृताची तपासणी चुकवत नाही. उलट बागेनं धोकाच वाढवलाय. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून डॉक्टरांनी बजावलंय की कंपोस्ट उकरताना मास्क आणि हातमोजे, बुरशीची धूळ छातीत जाते. गुलाबाचा काटा लागला तर हलक्यात घ्यायचं नाही. मी गुलाब लावतच नाही.

आणि गुळवेल. गच्चीवर आहे म्हटल्यावर काढा पी म्हणून सांगणारे आठवड्याला दोन भेटतात. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. कोण बरोबर ते मोठी माणसं ठरवतील. माझ्या लिव्हरवर एका औषधाचा भार आधीच आहे, मी दुसरा प्रयोग करणार नाही. वेल मात्र झकास वाढलाय, लाल फळं आली की बुलबुल येतात. 'बाग कर, बरा होशील' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. बरं नाही झालं तर माणूस बागही सोडतो, आणि कधीकधी गोळीसुद्धा.

मला बागेत आवडतं ते वेगळंच. खाली घरात सगळे मला जपतात. "राहू दे, मी करते", "उचलू नका", "बसा". वर गेलो की मी कुणाला तरी जपतो. ज्या दिवशी गुडघे सुजलेले असतात त्या दिवशी वर जात नाही. चौदा पायऱ्या आहेत. त्या दिवशी नाड्या पाणी पाजतात आणि मी खाली चिडचिड करतो, पूर्वीसारखीच. बायको म्हणते, फरक एवढाच की आता चिडचिड करताना हातात पेन्सिल असते. मांडवाच्या सरकत्या जाळीचं चित्र काढतोय सध्या. वरचे दोडके खाली यावेत, मी वर चढू नये अशी.

फेब्रुवारीत उन्हाळी दोडका लावायचाय. बाजारातलं संकरित बी नको, पुढच्या वर्षी तसं फळ धरत नाही. कुणाकडं शिरांचा, गावठी, थोडा बुटका दोडका असेल तर आठ-दहा बिया द्या, मोबदल्यात गवती चहाचा ठोंब देतो. घोसाळ्याचं बी मात्र कुणी आग्रहानं देऊ नका. ते पहाटे उमलतं, आणि पहाटे मी कुणाच्याच कामाचा नसतो.