भूल कोण देणार, हेही आम्हीच शोधायचे का?

माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या चार दुधाच्या दाढा किडल्या आहेत आणि त्यांतल्या दोन आता रात्री ठणकतात. झोपताना तोंडात दुधाची बाटली देण्याची सवय मोडायला आम्ही उशीर केला, हा दोष आमचा आहे. तो मी आधीच कबूल करते, म्हणजे त्यावर कोणी प्रवचन देऊ नये. एवढे काम होईपर्यंत हे पोर खुर्चीत गप्प पडून राहणार नाही, तेव्हा भूल द्यावी लागेल, हेही मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढेच, की कॅलिफोर्नियात ती भूल कोण, कुठे, कोणत्या परवान्यावर देणार आणि तिचे पैसे कोण भरणार, हे शोधण्यात माझे पाच आठवडे गेले, आणि या पाच आठवड्यांत एकाही माणसाने मला सरळ उत्तर दिले नाही.

आम्ही दोन वर्षांपूर्वी टेक्सासहून इकडे आलो. इकडे परवाना असेल तर डेंटिस्ट स्वतःही भूल देऊ शकतो. टेक्सासमध्ये या परवान्यांना पहिली ते चौथी अशा पातळ्या आहेत, आणि नुसत्या लाफिंग गॅसलाही (मुलाला शांत करायला हुंगवतात तो) वेगळा परवाना लागतो. इथे पातळ्या नाहीत, नावे आहेत. नुसत्या गॅसला परवाना लागत नाही. पण तेरा वर्षांखालच्या मुलाला गुंगीचे एक औषध तोंडावाटे द्यायचे तर एक परवाना, मध्यम गुंगीला दुसरा, पूर्ण भुलीला तिसरा, आणि रुग्ण सात वर्षांखालचा असेल तर त्या तिसऱ्यावर आणखी एक शिक्का, म्हणजे लहान मुलांसाठीची खास मान्यता. मूल तेच, दाढा त्याच, शरीरशास्त्रही तेच. राज्याची सीमा ओलांडली की पालकाने नवा शब्दकोश पाठ करायचा.

नियम कडक आहेत म्हणून माझी तक्रार नाही, उलट ते कडकच असले पाहिजेत. २०१५ मध्ये याच राज्यात सहा वर्षांचा एक मुलगा दाताच्या उपचारासाठी दिलेल्या भुलीनंतर दगावला, त्याच्या नावाने २०१६ मध्ये कायदा झाला, आणि २०१८ मध्ये संमत झालेले नवे परवाने २०२२ पासून लागू झाले. सात वर्षांखालच्या मुलाला पूर्ण भूल देताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज आणखी किमान दोन माणसे खोलीत हवीत, आणि भूलही तेच डॉक्टर देणार असतील तर एकाने दुसरे काहीही न करता फक्त मुलावर लक्ष ठेवायचे, हे वाचून मला हायसेच वाटले. वरच्या शिक्क्यासाठी मागील चोवीस महिन्यांत सात वर्षांखालच्या किमान वीस मुलांना भूल दिलेली असावी लागते, हेही योग्यच आहे. पण मग असा शिक्का असलेला माणूस माझ्या गावात कोण, हे मला सांगायचे कोणी?

आमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडे तो शिक्का नाही. त्यांनी दुसरीकडे पाठवले. तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंना मी विचारले, की भूल तुमचे डॉक्टर देतात की वेगळे भूलतज्ज्ञ येतात. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे सगळे परवाने आहेत.’ कोणते, असे विचारल्यावर त्यांनी मला होल्डवर टाकले आणि सात मिनिटे संगीत ऐकवले. तिसऱ्या ठिकाणी भूलतज्ज्ञ महिन्यातून दोनच दिवस येतात आणि दोन्ही दिवस भरलेले होते. शेवटी परवाने मी राज्याच्या संकेतस्थळावर एकेका डॉक्टरचे नाव घालून स्वतः तपासले, तेही रात्री अकरानंतर, एका हाताने मुलाचा गाल शेकत. पुण्याहून आई फोनवर रोज एकच विचारते, ‘अगं, भूलतज्ज्ञ बोलावून का घेत नाहीत?’ तिला हे सारे समजावून सांगण्याचे त्राण माझ्यात उरलेले नाही.

आता पैशांचे ऐका. दातांचा विमा म्हणतो, भूल हा वैद्यकीय खर्च आहे. आरोग्य विमा म्हणतो, हे दातांचे काम आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सात वर्षांखालच्या मुलाच्या दातांच्या उपचारासाठी लागणाऱ्या भुलीचा खर्च आरोग्य विम्याने द्यायचा असतो, पण ती इस्पितळात किंवा शस्त्रक्रिया केंद्रात दिली तरच. म्हणजे डेंटिस्टच्या दवाखान्यात परवानाधारक भूलतज्ज्ञ आणून, राज्याने ठरवलेली माणसे उभी करून, सगळे नियम पाळून तीच भूल दिली, तर खिसा आमचा. बरे, इस्पितळात जाऊ म्हटले, तर कळले की नवऱ्याच्या कंपनीची आरोग्य योजना स्वनिधीची आहे, म्हणजे उपचारांचे पैसे विमा कंपनी नव्हे, नवऱ्याची कंपनीच भरते; तिला १९७४ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि राज्याचा हा नियम तिला बांधत नाही. हे विमा कंपनीच्या माणसाने मला अत्यंत गोड आवाजात सांगितले.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे संमतीपत्र. त्यात कायद्याने घातलेला मजकूर असतो, की भूल देण्याची पद्धत आणि तिचे धोके ठिकाणानुसार व देणाऱ्यानुसार बदलू शकतात, तेव्हा आपल्या मुलासाठी उपलब्ध सर्व पर्यायांचा शोध घ्यावा. हा मजकूर चांगल्या हेतूने घातला आहे, हे मला कळते. पण शोध घ्यावा म्हणजे काय करावे? कोणता परवाना, कोणता शिक्का, भूल कोण देणार आणि लक्ष कोण ठेवणार, या चार ओळी प्रत्येक दवाखान्याने पहिल्याच फोनवर सांगाव्यात, अशी सक्ती त्याच कायद्यात करता आली नसती का?

तारीख मिळाली आहे, आणखी तीन आठवड्यांनी. तोवर डाव्या बाजूने चावायचे नाही, असे मुलाला बजावले आहे. काल त्याने उजवीकडचीही एक दाढ दुखते म्हणून सांगितले.